मागून येणारा

“रस्ता दोघांचा म्हणता, तर मग बाजूला व्हायचं कुणी?”

केवलगिरी बाबा सुपातले तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगा की, बाबा. माझ्या टेम्पोत दूध असतंय. फाल्गुनाचं ऊन. टायमात पोचलं न्हाय तर नासतंय. आणि ही शहरातली माणसं आयतवारी सायकली घेऊन येत्यात, निम्मा रस्ता धरून गप्पा हाणत चालत्यात. हॉर्न दिला तर उलट आपल्याकडंच डोळं वटारून बघत्यात. मग बाजूला व्हायचं कुणी?”

विचारणारा हणमंत वाघमोडे. बोरकड्याच्या घाटमाथ्यावर वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि घाट उतरून खालच्या दूध केंद्रावर पोचवायचं, हा त्याचा रोजचा धंदा. दूध नासलं म्हणून त्याच्या टेम्पोतला कॅन केंद्रावरून कधी परत आला नव्हता. चार माणसांत बसला की ही गोष्ट तो एकदा तरी सांगायचाच.

घाटमाथ्यावर महादेवाचं देऊळ होतं आणि देवळामागे गोसाव्यांचा मठ. मठात केवलगिरी बाबा एकटेच राहत. हणमंतानं त्यांना गुरू केलं होतं. भरलेला टेम्पो घेऊन खाली निघाला की तो मठापाशी थांबायचा, तांब्याभर दूध ठेवायचा, पाया पडायचा आणि मगच घाटाला लागायचा.

आज पाया पडायच्या आधीच त्याचा प्रश्न बाहेर पडला होता.

बाबांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

“आज कुणाला बाजूला केलंस?”

हणमंतानं दुधाचा तांब्या पायरीवर टेकवला.

“मी कुठं केलं? सकाळी रिकामा टेम्पो घेऊन वर येत होतो. म्होरं एक बाई सायकलवर. हॉर्न दिला, हलली न्हाय. परत दिला, तरी तसंच. मग काढला टेम्पो शेजारनं. धक्का न्हाय लागला, बाबा. नुसतं वारं लागलं असंल.”

“मग?”

“आरशात बघितलं. गटारात गेली होती.”

“मग?”

“उठली.”

“आणि तू?”

“मी… वर आलो. वाड्यांवर माणसं कॅन घेऊन उभी असत्यात, बाबा.”

बाबा सुपात बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, “नंदीपाशी बसल्यात बघ त्या.”

हणमंतानं वळून पाहिलं.

नंदीच्या सावलीत एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या. डोक्यावरचं शिरस्त्राण काढून शेजारी ठेवलेलं, पिकलेले केस घामानं कपाळाला चिकटलेले. कोपरावर हळद दाबून फडकं बांधलं होतं. त्यांची सायकल देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिचं हँडल एका अंगाला वळलं होतं. मघाशी त्यानं जे काही सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

“डावीकडं खडी पसरली होती,” बाई म्हणाल्या. “चाक घसरलं असतं. म्हणून रस्त्याच्या मधे होते मी. तुमचा हॉर्न ऐकला होता. खडी संपली की होणारच होते बाजूला.”

हणमंताला खडी आठवेना. टेम्पोत बसल्यावर रस्त्याच्या कडेची खडी कशाला दिसते कुणाला…

“मी बघितली न्हाय, मॅडम,” तो म्हणाला.

“मला बघितलं होतं ना?”

हणमंत सायकलीच्या वळलेल्या हँडलाकडे बघू लागला.

बाईंचं नाव विशाखा पेठे. खालच्या शहरात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. शाळेत असताना सुटलेली सायकल त्यांनी पन्नाशीला आल्यावर पुन्हा धरली होती. आधी गल्लीत, मग नदीपर्यंत, मग हळूहळू हा घाट. पडल्यावर त्या सायकल हातात धरून चालत वर आल्या होत्या. कोपर फारसं दुखत नव्हतं. पाणी प्यायचं, हँडल सरळ करून घ्यायचं आणि उतरायचं, असा त्यांचा विचार होता. पण उतरायला म्हणून त्या दोनदा सायकलवर बसल्या आणि मागून कसली तरी गाडी येताना ऐकू आली. दोन्ही वेळा त्या पाय टेकून उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या.

“घरी फोन करा,” हणमंत म्हणाला. “न्हायतर माझ्या टेम्पोत या बसून. सायकल मागं बांधतो. खाली सोडतो तुम्हाला, घरापर्यंत.”

“भाचा गाडी घेऊन येईल एका फोनवर.”

“मग करा की.”

विशाखाबाई सायकलीकडे बघत म्हणाल्या, “आज गाडीत बसून उतरले, तर परत सायकलवर बसायची नाही मी. मला माहीत आहे माझं.”

अंगणात टाकलेले खडे चिमण्यांनी टिपून पाहिले आणि सोडून दिले.

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“हणमंता, माईंच्या मागनं जा.”

“म्हंजे?”

“त्या सायकलवर उतरतील. तू त्यांच्या मागनं टेम्पो चालव. त्यांच्या चालीनं. हॉर्नला हात लावू नको.”

“दूध, बाबा…”

बाबांनी सुपातले तांदूळ पातेल्यात ओतले.

विशाखाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “हे? माझ्या मागं? महाराज, पाडलं ते यांनीच.”

“म्हणून तर.”

“मला नाही समजलं.”

“घाटात आणखी पुष्कळ गाड्या आहेत, माई. त्यांच्यातल्या कुणाचा भरवसा मला देता यायचा नाही. याचा देतो.”

“का?”

“यानं एकदा पाडलंय.”

विशाखाबाईंनी हणमंताकडे एकदा नीट पाहिलं. मग त्यांनी शिरस्त्राण उचललं.

हणमंतानं टेम्पोतला पाना आणला. सायकलीचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल सरळ केलं. ब्रेक दाबून बघितले, परत दाबून बघितले. चुकलो म्हणावं असं त्याच्या मनात होतं, पण ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. तो एवढंच म्हणाला, “मागचा ब्रेक आधी दाबा, मॅडम. उतार लई हाय.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

आणि दोघं निघाले.

पहिल्या वळणापर्यंतच विशाखाबाईंनी कितीतरी वेळा मागं वळून पाहिलं. टेम्पो दुसऱ्या गियरमध्ये घुरघुरत होता, कॅन एकमेकांवर आपटत होते. आवाज जरा वाढला की त्यांचे खांदे वर चढत आणि मान वळे. दुसऱ्या वळणावर तर त्या पाय टेकून उभ्याच राहिल्या.

हणमंतानंही टेम्पो उभा केला. अंतर ठेवून. खिडकीतून हात बाहेर काढला आणि सावकाश, सावकाश, असा हलवला.

त्या परत निघाल्या.

ऊन वर आलं होतं. मागं दुधाचे कॅन तापत असतील, हे त्याला बसल्या जागी कळत होतं. हात सवयीनं हॉर्नकडे जायचा आणि तो मागं घ्यायचा. इतकी वर्षं तो या घाटात गाडी चालवत होता, पण सायकलवरच्या माणसाची पाठ इतका वेळ त्यानं कधी पाहिली नव्हती. नेहमी एक क्षण दिसायची आणि मागं पडायची. आता ती समोर होती, जात नव्हती. सदऱ्यावर घामाचा डाग पसरत होता. कोपराचं फडकं सुटत आलं होतं. मागं डोळा नसलेली, उघडी पाठ…

मागून एक लाल मोटार आली आणि हॉर्न वाजवत सुटली. लांबलचक, न थांबता. आपणही असाच वाजवतो, हे हणमंताला ऐकता ऐकता कळलं. पुढं विशाखाबाईंची सायकल डगमगली.

त्यानं टेम्पो रस्त्याच्या मध्ये घेतला.

त्याला एकाएकी त्याचा बाप आठवला. हणमंत लहान असताना त्यांची मेंढरं होती. मुक्कामाचा तळ हलवताना मेंढरांचं सगळं खांड डांबरी रस्त्यानं न्यावं लागायचं. आई पुढं, घोडं तिच्या मागं, मग मेंढरं, आणि बाप सगळ्यांत मागं. ट्रक आले की हॉर्न मारमारून अंगावर यायचे. बाप मागं बघायचासुद्धा नाही. काठी आडवी धरून, दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध चालायचा. ट्रकवाले त्याच्या आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. तो चालतच असायचा, शेवटचं कोकरू कडेला लागेपर्यंत. आपण मोठे झालो की ट्रक चालवायचा, शिव्या खायच्या नाहीत, असं हणमंतानं तेव्हाच ठरवलं होतं.

वळण संपल्यावर समोरचा रस्ता सरळ आणि मोकळा दिसला, तेव्हा त्यानं हात दाखवून लाल मोटारीला वाट दिली. मोटारवाला जाता जाता काच खाली करून ओरडला, “चालवता येत नसेल तर बैलगाडी घे की.”

असं कुणी बोललं असतं तर एरवी हणमंतानं त्याला पुढं गाठून टेम्पो आडवा घातला असता. आज तो मोटारीकडे नुसता बघत राहिला, ती विशाखाबाईंपासून लांबून गेली का ते. लांबूनच गेली.

मग एसटी आली, खडीचा डंपर आला, लग्नाचं वऱ्हाड भरलेली जीप आली. सगळे त्याच्यावर कावले. तो मधोमध चालत राहिला.

घाटाच्या मध्यावर कधीतरी विशाखाबाईंचे खांदे खाली आले. त्या एका लयीत उतरू लागल्या. वळणाला अंग झुकवायचं, ब्रेक सोडायचा, परत धरायचा. शेवटच्या उतारावर त्यांनी सायकल मोकळी सोडली. वाऱ्यानं सदरा फुगला. टेम्पोला तिसरा गियर टाकावा लागला.

पायथ्याच्या नाक्यावर रस्ते फुटतात. त्या शहराच्या वाटेला लागल्या, वडांच्या सावलीतून तशाच पुढं गेल्या. हणमंत नाक्यावर टेम्पो उभा करून बघत राहिला. सायकल बारीक होत गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण कशाची तरी वाट बघत होतो…

दुसऱ्या दिवशी तो मठात आला. दुधाचा तांब्या ठेवला, पाया पडला आणि पायरीवर बसला. बाबा धोतराला टाका घालत होते.

“दूध?” बाबांनी विचारलं.

“थोडं नासलं. कॅन परत आला काल. पहिल्यांदाच.”

“हं.”

“त्याचं काय न्हाय, बाबा.”

बाबांनी दोरा ओढून घेतला.

“वर आधी लई भ्याल्या होत्या,” हणमंत म्हणाला. “सारख्या मागं बघायच्या. मी हाय का, किती जवळ हाय… एकदा तर थांबल्याच. मग मी थांबलो. मागनं लोक काय काय बोलत होते, ते जाऊ द्या. मी हललो न्हाय मधनं. एकाला बी जवळनं जाऊ दिलं न्हाय.”

“हं.”

“मला वाटलं, नाक्यावर तरी थांबतील. थांबल्या असत्या तर चुकलो म्हणणार होतो. तोंडात आलं होतं, बाबा. नुसतं वळून बघितलं असतं तरी पुरे होतं. हात नको, काय नको. पर सरळ निघून गेल्या.” त्यानं घाटाच्या वाटेकडे हात केला. “एवढा घाट उतरवला मी त्यांना. आणि निम्म्या घाटानंतर त्यांनी एकदासुद्धा मागं वळून बघितलं न्हाय.”

बाबांच्या हातातली सुई तशीच राहिली.

“एकदासुद्धा नाही?”

“न्हाय.”

“मागं तुझा टेम्पो वाजत असताना?”

“कॅन बी आपटत होते. तरी न्हाय.”

बाबांनी धोतर बाजूला ठेवलं. पुढं वाकून हणमंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

“मग हणमंता,” ते हळू म्हणाले, “त्या माउलीनं तुला द्यायचं आणखी काय राहिलं रे?”