बारा घरटी

सांगायलाच लावताय, तर सांगतो. पण मधे मधे तोंड घालू नका आणि गोड शेवट मागू नका. या गोष्टीला तो नाही.

फार मागं, तुमच्या आज्याचा आजाही जन्मला नव्हता तेव्हा, डोंगराच्या काखेत एक गाव होतं. गावाच्या वर देवराई. आंबा, हिरडा, उंबर, अशी दाटी की शेकरू या टोकाहून त्या टोकाला फांद्यांवरूनच जायचं. शेकरू म्हणजे खारीची थोरली बहीण. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट. मातीला पाय लावायचं नाही. लावला तर कुत्र्याच्या तोंडी.

जुन्या माणसांनी नेम घालून दिलेला. दर माघात राईतली शेकरांची घरटी मोजायची. वाढली तर गावानं दोन झाडं तोडून घ्यावीत. घटली तर कुऱ्हाड खुंटीला.

मोजायचा मान लिंबाजीचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा. घरटं दिसलं की दोरीला एक गाठ. दोरी चावडीवर सोडायची, मग गाव त्याला पागोटं बांधायचं. गाठी वर्षावर्षाला वाढत होत्या. गाव खूष, लिंबाजी त्याहून खूष.

एकदा त्याची बायको हौसा म्हणाली, "गाठी वाढल्या म्हणता, पण सकाळी राईत ओरडणारं एकच ऐकू येतं हो."

"कानात तेल घाल."

"मी कानात घालते. तुम्ही डोळ्यांत घाला."

लिंबाजीला ते झोंबलं. त्या माघात तो एकेक झाड निरखत फिरला. बारा घरटी भरली. इतकी कधीच नव्हती. बाराव्या घरट्यातून एका म्हाताऱ्या मादीनं डोकं बाहेर काढलं.

"झाली मोजून?"

"झाली. बारा."

"बाराही माझीच रे बाबा. तुम्ही झाड पाडता, मी घाबरून दुसरीकडे काटक्या रचते. तिथं कुऱ्हाड वाजली की तिसरीकडे. आम्ही पुष्कळ होतो आणि सुखानं निजत होतो, तेव्हा घरटी थोडी होती."

लिंबाजीच्या हातातली दोरी लोंबत राहिली. "आणि बाकीची?"

"बाकीची कुठली? मी, आणि हे पोटातलं. यंदा मधले दोन हिरडे पाडाल तर राईचे दोन तुकडे होतील. खाणं पलीकडच्या उंबरावर. तेवढी उडी आता मला झेपायची नाही. जाऊन सांग तुझ्या गावाला."

सांगायचंच, असं ठरवून तो चावडीवर आला. तिथं कुऱ्हाडींना धार लावून झालेली. पागोटं ताटात ठेवलेलं.

"काय लिंबाजी," एकजण ओरडला, "इतकी बारशी झाली, आम्हाला एकाचंही आवतण नाही!"

चावडी हसली. पाटील म्हणाले, "बोल गड्या, किती?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे इतकी वर्षं आपण चुकलो म्हणायचं. बापही चुकला म्हणायचं. भर चावडीत. त्यानं ताटाकडं पाहिलं.

"बारा," तो म्हणाला.

खोटं बोलला नाही हो. घरटी बाराच होती.

मधले दोन हिरडे पडले. दोन दिवस मादी खिंडाराच्या कडेला उपाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी ती खाली उतरली. लिंबाजी राईच्या तोंडाशीच होता. काठी घेऊन धावला, बोंबलला, कुत्र्यांना हाणलं. हाती लागलं ते नुसतं शेपूट.

पुढच्या माघाला जुनी घरटी वाऱ्यानं विसकटली होती. दोरीला एकही गाठ बसली नाही. गावानं नेमाप्रमाणे कुऱ्हाडी खुंटीला टांगल्या. टांगून काय उपयोग? फळं झाडाखालीच कुजली, बी लांब नेऊन टाकणारं कोणी उरलं नव्हतं. जुनी झाडं वठली, नवं उगवलं नाही. मग झरा आटला. मग गाव उठलं. जाताना लिंबाजीनं पागोटं मागंच टाकलं, तर पाटील म्हणाले, "घे की, मानाचं आहे." हौसानं ते उचललं आणि आटलेल्या झऱ्यात फेकलं.

बोध एवढाच: राखायचा जीव डोळ्यांनी बघून मोजावा, त्याची घरं मोजणाऱ्याच्या हाती शेवटी ओसाडीच येते.

आपल्या राईत शेकरं किती उरलीत एवढंच मी विचारलं, तर एकजण चारचौघांत मला म्हातारचळ लागला म्हणाला. त्याची माफी अजून यायची आहे. नाव विचाराल तर वरल्या आळीचा सुदाम गुरव.