नाव राहिलं, ठिकाण पुसलं

एकदा एका डोंगरी मुलुखात एक वृद्ध न्यायी पुरुष राहत असे. डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या, मध्ये बाजाराचं गाव, आणि त्या गावच्या चावडीचा कारभार या म्हाताऱ्याकडे. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. अक्षर सुरेख, मन स्वच्छ, स्वभाव मात्र जरा उतावळा.

त्या मुलुखात एक रीत होती. स्त्रीवर किंवा लेकरावर अत्याचार केल्याचा गुन्हा ज्याच्यावर शाबीत होई, त्याचं नाव शिक्षा भोगून झाल्यावरही चावडीच्या काळ्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं जाई. नावापुढे गुन्हा, आणि त्यापुढे राहण्याचं ठिकाण. दर अमावास्येला त्या माणसानं चावडीवर यायचं आणि आपण कुठे निजतो, कुठे राबतो ते मोठ्यानं सांगायचं. बिऱ्हाड हलवायचं तर आधी कळवायचं. शाळेजवळ, पाणवठ्याजवळ राहायचं नाही. मग दवंडीवाला ते वाडीवाडीवर सांगून येई. बाजाराला आलेल्या आयाबाया घरी परतण्यापूर्वी भिंतीशी थांबत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शिष्य वाचून दाखवी. हे लिहिणं, पुसणं, वाचून दाखवणं हेच त्याचं काम.

त्या भिंतीवर एक नाव होतं. ते मी इथे घेत नाही. घ्यावं अशी त्याची लायकी नाही. तानू नावाच्या मुलीवर ती शाळकरी असताना त्यानं अत्याचार केला होता. वर्षं लोटली. तानू आता मोठी झाली होती आणि शेरडं राखत होती. तो तुरुंगातून सुटून आला आणि गावाच्या उगवतीला, जुन्या चुनाभट्टीपाशी खोपट बांधून राहू लागला. त्याला पाहिलं की लोकांच्या कपाळावर आठी उठे. मंडळी, उठायचीच! त्यात काही वावगं नव्हतं.

एके दिवशी मात्र बाजारात कुणीतरी बोललं, कुणीतरी री ओढली, आणि जमाव भट्टीकडे निघाला. गावचे पाटील पुढे. खोपट मोडलं, आढ्याची लाकडं पेटवली, आणि त्या माणसाला शिवेपलीकडे पिटाळून लावलं. मग सगळे हलगी वाजवत तानूच्या दारात गेले. "पोरी, गेली गं ब्याद!" पाटील छाती काढून म्हणाले. तानूची आई, सरूबाई, हिनं भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना गूळपाणी दिलं. तानू काही बाहेर आली नाही.

शिष्यालाही बरं वाटलं. भिंतीवरचा मजकूर त्यानं तसाच राहू दिला. नाव, गुन्हा, आणि ठिकाण चुनाभट्टी. अमावास्या आली तशी गेली. सांगायला कोणी आलं नाही. बाजाराला आलेल्या बायांना तो पूर्वीसारखंच वाचून दाखवी, आणि त्याही पूर्वीसारख्याच पोरांना दटावत, "भट्टीकडे फिरकलात तर तंगड्या मोडीन." भट्टीवर तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

एकदा शिष्य तानूच्या घरावरून चालला होता. भर सकाळी शेरडं दावणीलाच ओरडत होती, आणि सरूबाई कुठूनसा पाला तोडून आणून त्यांच्यापुढे टाकत होती. तेवढ्यात आतून, दाराच्या फटीतून तानूचा आवाज आला.

"दादा, तो कुठं आहे?"

"अगं, गेला तो! आता कशाला भितेस?"

"गेला म्हणजे कुठं गेला?"

शिष्य वळून दाराजवळ आला.

"तो भट्टीला होता तवर मी शेरडं मावळतीच्या रानात न्यायची," ती म्हणाली. "उगवतीला बघायचीसुद्धा नाही. पण अर्धं रान तरी माझं होतं. आता कुठल्या झाडामागं असेल, कुठल्या ओढ्यात असेल, कोण सांगणार? तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सगळीकडं करून ठेवलाय."

शिष्य थेट चावडीवर आला आणि त्यानं बाबांना सगळं सांगितलं.

बाबा ऐकत राहिले. मग कुणाशी काही न बोलता उठले, फडकं ओलं केलं, आणि ऐन बाजाराच्या गर्दीत भिंतीवरच्या त्या ओळीतलं ठिकाण पुसून टाकलं. नाव तसंच. गुन्हा तसाच. त्यापुढे ओली काळी भिंत.

आणि काय सांगावं, तासाभरात बाजार ढवळून निघाला! बाया मुलांना पोटाशी धरून भिंतीपाशी गोळा झाल्या. "आमच्या वाडीकडं तर आला नाही ना?" "आमची पोर एकटी सरपणाला गेलीये!" पाटील धापा टाकत आले. "बाबा, हे काय आरंभलंय? लोकांचा जीव टांगणीला लावलात!"

"मी काही केलेलं नाही, पाटील," बाबा म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी जे पुसलंत, तेच आज भिंतीवर दिसतंय. तो दुष्ट आहे हे तुम्हाला आधीही ठाऊक होतं. त्यासाठी ही भिंत नाही. तो कुठे आहे हे कळावं म्हणून ती आहे. तेवढी एकच गोष्ट आपल्या हाती होती आणि तुम्ही ती जाळून आलात. इथे त्याचं नाव ठाऊक होतं म्हणून लेकरं सावध होती. आता तो जिथे असेल, तिथल्या लेकरांना कोण सावध करणार?"

पाटलांची मान खाली गेली. गर्दीत उभी असलेली सरूबाई मात्र पेटून उठली. "म्हणजे माझ्या लेकीचा वैरी परत आणणार? तिच्या उरावर?"

"ते मी ठरवणार नाही, बाई. तूही नाही, आणि पाटीलही नाहीत." बाबा काठी टेकत तिच्या घरी गेले आणि दाराबाहेरूनच बोलले. "पोरी, तुझ्या नावानं हलगी वाजवली, पण तुला कुणी विचारलं नाही. चूक झाली. आज विचारतो. त्याला आणायचा की नाही?"

आतून पावलं दाराशी आली.

"आणा," तानू म्हणाली. "मला तो दिसायला नको. पण तो कुठं आहे ते मला कळायला हवं."

शिष्य धरून चार माणसं चार दिशांना गेली. शोध लागला तो डोंगरापलीकडच्या एका गावात. तिथे कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. गरीब, अबोल, कष्टाळू माणूस म्हणून गावानं त्याला पाणपोईवर बसवलं होतं, आणि पाणपोई होती शाळेच्या वाटेवर. "फार मायाळू," तिथली एक आजी कौतुकानं सांगत होती, "पोरींना हाका मारमारून पाणी देतो." ते ऐकताच शिष्य पाणपोईकडे धावला. देवाची कृपा, अजून काही घडलं नव्हतं.

चावडीवर परत आणल्यावर तो माणूस बाबांसमोर उभा राहिला आणि रडू लागला. "मला कुणी कुठं राहूच देत नाही."

"राहू देऊ," बाबा म्हणाले. "ती दया समजू नकोस. भट्टीवर राहशील, राबशील, अमावास्येला येऊन सांगशील. तुझ्या अंगाला कुणी हात लावणार नाही, आणि तुझ्यावरची नजरही कुणी काढणार नाही. दोन्ही मी बघेन."

खोपट ज्यांनी मोडलं होतं त्यांनाच बाबांनी ते उभारायला लावलं. पाटलांनी स्वतः मेढी रोवल्या. राग कुणाचाच गेला नव्हता, आणि बाबांनी तो सोडा असंही कुणाला सांगितलं नाही.

शिष्यानं भिंतीवर पुन्हा ठिकाण लिहिलं. मग दवंडीची वाट न पाहता तो चालत तानूच्या दारी गेला. "तानू, तो भट्टीवर आहे. मी आत्ता डोळ्यांनी पाहून आलो. संध्याकाळी पुन्हा पाहीन, आणि हलला तर सगळ्यांच्या आधी तुला सांगेन."

कडी निघाली. तानू बाहेर आली, उन्हानं डोळे बारीक झालेले. तिनं शेरडांची दावी सोडली आणि मावळतीच्या रानाकडे चालू लागली. सरूबाई तिच्यामागे जाऊ लागली, तेव्हा ती वळून म्हणाली, "आई, तू ऱ्हा घरी. मी जाते."

इतके दिवस आपण त्या माणसाचं नाव लिहीत आहोत असं शिष्याला वाटत होतं. त्या सकाळी त्याला प्रथमच कळलं की आपण ते तानूसाठी लिहीत होतो.

म्हणून, गुन्हेगाराला शिवेबाहेर हाकलल्याचा आनंद होईल तेव्हा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारी आधी जावं आणि त्याला आज नीट झोप लागते का ते विचारावं.