कॉर्नेटची जागा

नदीकाठच्या एका बाजारगावात मुरारी नावाचा कॉर्नेटवाला राहत होता. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच, पण आखूड पितळी वाद्य. गावच्या बँडमध्ये तो असं वाजवायचा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवावं. पण त्याच्या स्वतःच्या जिवाला मात्र घडीभर स्वस्थता नव्हती.

या अस्वस्थतेचं मूळ त्याच्या फोनमध्ये होतं. पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांचा एक मोठा समूह फोनवर जमायचा. एक दिवस मुरारीने तिथे विचारलं, तुम्हा मंडळींत आम्हा कॉर्नेटवाल्यांचं स्थान काय? झालं, आग्यामोहोळ उठलं. कुणी लिहिलं, कॉर्नेट म्हणजे वाढ खुंटलेलं ट्रम्पेट. कुणी त्याला कपाटात ठेवायची वस्तू ठरवलं. चार जाणत्यांनी समजावलंही, की कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्याचा सूर गोल आणि मऊ येतो. पण मुरारीला कौतुक दिसेना आणि टोमणा विसरवेना. जेवताना फोन, तालमीत फोन. उत्तर आलं की जीव जळायचा, नाही आलं की जास्तच जळायचा.

गावात त्याचं स्थान तर केव्हाच ठरलेलं होतं. तिथे एक रीत होती. वरातीच्या वाटेवर सुतकाचं घर आलं, की ढोल-ताशे थांबायचे. पण वरात मुकी जाणं अशुभ, म्हणून त्या दारासमोर एकटं कॉर्नेट हळू आवाजात अभंग वाजवायचं. लग्नघराचं मंगल राहायचं आणि दुःखाचाही मान राहायचा. हे काम मुरारीचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावत नसे. ते चुकलं, तर रडणाऱ्या घराला डिवचल्याचं पाप लागतं, असं गाव मानायचं.

पण हे त्या समूहाला कुठे ठाऊक होतं? आणि मुरारीला तर समूहाकडूनच पावती हवी होती.

शेवटी एकाने त्याला युक्ती सांगितली. ट्रम्पेटची उथळ तोंडी, म्हणजे ओठाला लावायचा तुकडा, कॉर्नेटला लाव, आवाज कसा धारदार होतो बघ. ती तोंडी कॉर्नेटमध्ये बसते थोडीच! मुरारीने ती लेथवाल्याकडून घासून घेतली, ठोकून बसवली आणि मऊ सूर देणारी आपली खोलगट तोंडी मोडीत काढली. बँडमास्तर लतीफचाचा सूर ऐकून एवढंच म्हणाले, “चौकात खपेल रे. दारात काय करशील?”

“हळू वाजवीन की,” मुरारी म्हणाला. त्याने वाजवतानाची चित्रफीत समूहात टाकली आणि कोण काय म्हणतं याची वाट बघू लागला.

त्याच आठवड्यात शिंपी आळीतून वरात निघाली. आळीतले म्हातारे गोविंदशेट नुकतेच वारले होते. त्यांच्या दारापाशी मास्तरांनी हात वर केला. ढोल थांबले, ताशे थांबले. नवरदेवाच्या घोड्यालाही कुणी पुढे हलू दिलं नाही. मुरारीने कॉर्नेट ओठाला लावलं.

नव्या तोंडीतून हळू फुंकलं, तर सूर फाटला. पुन्हा फुंकलं, पुन्हा फाटला. खिशातला फोन थरथरत होता आणि सगळी वरात त्याच्या तोंडाकडे बघत होती. घाबरून त्याने छाती भरून फुंकलं. अभंग आला, पण रणशिंगासारखा कर्कश आला. घरातलं रडणं दचकून थांबलं.

गोविंदशेटांची बायको उंबऱ्याशी आली. रडून तिचे डोळे सुजले होते, आणि बँडच्या टोप्यांखाली सगळे चेहरे तिला सारखेच दिसत होते.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमचा तो कॉर्नेटवाला नाही आला का? ह्यांनी जाताना सांगितलं होतं, दारावरून वरात गेली तर त्याचंच वाजवणं व्हावं. बरं नाही का त्याला?”

लतीफचाचांनी मान खाली घातली. मुरारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कॉर्नेट पाठीमागे लपवलं.

“हो काकू,” तो कसाबसा म्हणाला, “बरं नाही त्याला.”

वरात मुक्यानेच पुढे गेली. आळी संपल्यावर मुरारीने फोन काढून पाहिला. समूहातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. त्यांनी लिहिलं होतं, शाब्बास, आता हे कॉर्नेट आहे असं वाटतच नाही.

तात्पर्य: जिथे आपली वाट पाहिली जाते, तीच आपली जागा; परक्यांच्या शाबासकीसाठी जो आपला सूर बदलतो, त्याला त्याची माणसंही ओळखत नाहीत.