बोगनवेलीचा सत्कार

फार पूर्वी एका बागेत मधमाश्या येईनाशा झाल्या आणि फुलांना बी धरेना. माश्यांना परत आणायला पुढारी हवा, म्हणून सभा भरली. भिंतीवरून बोगनवेल गरजली, "माझ्याएवढा रंग आहे कुणाकडे?" लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या गुलबाक्षीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं बायांनो, तो रंग पानांचा आहे! खरं फूल आत आहे, तांदळाच्या कणीएवढं."

"आजी, जळतेस होय?" डेलिया खिदळली.

पाहणीला एक माशी आली. बोगनवेलीच्या रंगीत पानापानावर बसली, मध काही मिळेना, तशी वैतागून कायमची निघून गेली.

तरी पुढारीणबाईंच्या सत्काराची तयारी थांबली नाही.

"हार आत्ताच घालून घ्या," गुलबाक्षी म्हणाली. "पुढच्या वर्षी हाराला फुलं नसतील."