म्हाकूचा डोह

अहो ताई, थांबा! वाकून पाणी नका पिऊ इथं. पेल्यानं घ्या, तेही चिंकारे पिऊन गेल्यावर. हे कुंपण, ही अभयारण्याची पाटी सगळं परवाचं. पण या घळीत बंदुकीचा बार होऊन सात पिढ्या उलटल्या, असं सांगतात.

नदी आठ महिने कोरडी ठाक. साऱ्या माळाला पाणी काय ते एवढ्या डोहात. म्हाकू हा इथला धनगर. एका दुष्काळात इनामदारानं म्हणे डोहाभोवती बाभळीचे काटे लावले, एकच वाट मोकळी ठेवली आणि समोरच्या कपारीत बंदूक घेऊन बसला. तहानलेलं जनावर त्या वाटेनं यायचं, वाकायचं आणि मरायचं. ही काय शिकार झाली? लाज नाही वाटली मेल्याला!

एका सकाळी म्हाकू घोंगडी पांघरून पाणी प्यायला वाकला. बार झाला. इनामदार हसत म्हणाला, "मला काय ठाऊक? जनावरच वाटलं."

म्हाकूची बायको धुरपा. तिनं मेंढरं दिराच्या हवाली केली, गोफण घेतली आणि कपारीच्या माथ्यावर जाऊन बसली. मधे खडक, त्यामुळं खालून गोळी पोचेना. पहिल्याच धोंड्यानं इनामदाराचा गुडघा फुटला. त्याची माणसं पळाली, त्यांना तिनं जाऊ दिलं. सोडवायला गावातलं कुणी फिरकलं नाही, सगळेच त्याच्यावर खार खाऊन होते. तो सरपटत पाण्याकडे निघाला की सूं करून दगड यायचा.

तीन दिवस असं चाललं. त्याच्या डोळ्यांदेखत चिंकारे आले, कोल्हे आले, पोटभर पिऊन गेले. शेवटी त्यानं हात जोडले. "बाई, घोटभर पिऊ दे गं."

"उभा राहून माग. माणसासारखा. वाटलं तर देईन."

फुटक्या गुडघ्यानं उभा कसा राहणार? पाण्यापासून हातभर अंतरावर मेला. बरं झालं! मग धुरपानं खाली येऊन सगळे काटे उपसून टाकले.

आजही चैत्रात इनामदाराच्या घरातला थोरला इथं येतो, ताठ उभा राहतो आणि ओंजळ पुढं करून धुरपाच्या वंशातल्या बाईकडे पाणी मागतो. तिला वाटलं तर तिनं घालायचं. अजून एकीलाही वाटलेलं नाही. अहो, तो इनामदार आमच्याच घरातला. चाळीस वर्षं झाली, मी मागतोय. यंदा तिनं भरला तांब्या माझ्या पायाशी वाळूत ओतला आणि निघून गेली.