दर्याने टाकलेलं

आडबंदरच्या किनाऱ्यावर वादळात परमुलखातला एक मचवा फुटला. गावच्या गाबीत मच्छीमारांनी खलाशी वाचवले, पण मचवा खोत अंताजीरावांनी अडवला.

"दर्याने माझ्या किनाऱ्यावर टाकलेलं ते माझं!"

मचव्याशिवाय बिचारे घरी कसे जाणार? त्यांना आसरा देणारी म्हातारी चांगुणा त्या सगळ्यांना घेऊन खोतांच्या ओटीवर आली.

"खोतानू, हीं माणसांय दर्यानंच टाकलेली. म्हणजे तींय तुमचीच. आता ह्येंका जल्मभर पोसा!"

उपाशी खलाशी पंगतीसारखे ओळीने बसलेसुद्धा. खोत आधी लालबुंद झाले, मग त्यांना हसू आवरेना.

"म्हातारे, जिंकलीस! मचवा त्यांचा. पण आता बसलेत, तर जेवूनच उठू देत."

मचवा दुरुस्त होईपर्यंत खलाशी रोज खोतांकडेच जेवले.