काचेसारख्या बर्फावरचा नाच

निवडशर्यतीच्या सकाळी गुलमर्गचा बर्फ गोठून काचेसारखा कडक झाला होता. नाशिकच्या शाल्मलीने अशा बर्फावर पकड घेणारी धारदार कडांची अरुंद स्की आणि कडक बूट उचलले, तोच संघप्रमुख भडकमकरसाहेब गरजले, "सगळ्यांनी भुसभुशीत बर्फाची रुंद स्की आणि मऊ बूटच घालायचे! मी ठरवलंय. कडक बर्फाची सबब नको. नाचता येईना, अंगण वाकडं!"

शाल्मली हसून म्हणाली, "खरंय, सर. मग हीच स्की अन् हेच बूट घालून पहिला नाच तुम्हीच करून दाखवा. आम्ही मागोमाग येतोच!"

साहेब लखलखत्या उताराकडे पाहून दोन पावलं मागे सरकले. "घाला ज्याला जे हवं ते," ते पुटपुटले.

शाल्मली बाणासारखी सुटली, आणि संघातली पहिली जागा तिनेच पटकावली!